गादीखालचा पाचवा पट्टा

मी जरा हळूच बोलणार आहे. आयुष्य गादीखाली गेलं की आवाज चढवायची सवय राहत नाही. एका छोट्या शिकाऊ विमानाच्या डाव्या खुर्चीचा मी पट्टा. आम्ही पाच जण होतो. दोघं खांद्यांवरून खाली येणारे, दोघं कमरेच्या बाजूंनी पुढे येणारे, आणि पाचवा मी, सगळ्यांत तोकडा. खुर्चीच्या पुढच्या काठापासून निघायचं, बसणाऱ्याच्या दोन्ही मांड्यांमधून वर यायचं आणि पोटाखालच्या बक्कलात अडकायचं, एवढंच माझं काम. वाचताना थोडं अवघडल्यासारखं झालं ना? माझी सगळी कहाणी त्या अवघडण्याचीच आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बाया मोठमोठ्या यंत्रांवर बसून आम्हाला शिवत आणि ओढून ओढून तपासत. मी कुठून कुठे जाणार आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण मला हातात घेताना कुणी मान वळवली नाही. पट्टा म्हणजे पट्टा, असा तिथला हिशेब होता. मला वाटलं, जग असंच असतं.

ते दिवस आपल्या देशाने दारं उघडल्याचे. बाहेरून सामान आणायला दिल्लीत चपला झिजवणं कमी झालं होतं. खाजगी विमानकंपन्या निघाल्या होत्या आणि पेपरात वैमानिकांसाठी जाहिराती यायच्या. हैदराबादेत नल्लकुंट्यापासून मलकपेठेपर्यंत ज्याला त्याला आपलं लेकरू आकाशात पाठवायचं होतं. अशा वेळी शहराच्या बाहेर, द्राक्षमळ्यांना लागून, एक नवा फ्लाइंग क्लब उघडला. एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि दोन खुर्च्यांचं एक जुनं विमान. त्याचे पट्टे उसवले होते म्हणून नवे निवडायचे होते.

निवडणारे होते श्रीनिवास सर, क्लबचे मुख्य शिक्षक. चिक्कडपल्लीच्या वकिलांच्या घराण्यातले. समोरच्याला बसवल्याशिवाय स्वतः बसायचे नाहीत, आणि दारातून कधी पहिले आत गेले नाहीत. असा अदबशीर माणूस मी दुसरा पाहिला नाही.

टेबलावर तीन नमुने मांडले होते. एक नुसता कमरेचा, एक चार पट्ट्यांचा आणि एक आमचा, पाचांचा. क्लबचे सेक्रेटरी सुधीर म्हणाले, "सर, मोटारीत लोक एकसुद्धा बांधत नाहीत. तुम्ही पाच काय घेऊन बसलात? कमरेचा पुरे की."

"सुधीर, इथे बसा," सर म्हणाले. त्यांनी सुधीरना खुर्चीत बसवून आधी चारच पट्टे बांधले आणि खांद्यांचे पट्टे खेचले. बक्कल सरकत बेंबीपर्यंत वर आलं. "पाहिलंत? हा पट्टा कमरेच्या हाडावर बसायला पाहिजे. खांद्याचे आवळले की तो पोटावर चढतो. आता विमान नाकावर आदळलं, तर माणूस याच्या खालून पुढे घसरणार आणि सगळा मार पोटाला न् मणक्याला बसणार. हा पाचवा आहे ना, तो बक्कलला खाली धरून ठेवतो. हाच घ्यायचा."

मी काही फुशारकी मारत नाही, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं. मला बसवल्यावर सर एकटेच विमानात चढले, पाचही पट्टे बांधले आणि मला बक्कलात अडकवलं. टक् असा आवाज झाला. सर खुशीत हसले. माणसाला नीट कळून त्याने आपल्याला निवडावं, याहून पट्ट्याला काय हवं?

पुढच्याच आठवड्यात योगिनी आली.

मलकपेठेत बियाण्यांचं दुकान चालवणारे शिवराज, त्यांची ही एकुलती मुलगी. घर मूळचं परभणीकडच्या शेतकऱ्यांचं. पोरीला विमान चालवायचंय म्हटल्यावर भाऊबंदांनी शिवराजना वेड्यात काढलं होतं. तरी ते तिला आणि तिच्या आईला, सुशीलाबाईंना, घेऊन क्लबात आले. योगिनी थेट डाव्या खुर्चीत बसली आणि समोरच्या काट्यांवरून अशी नजर फिरवू लागली, जणू आधीचीच ओळख आहे.

शिवराज बाहेरून वाकून पट्टे पाहत होते. "सर, एकच लेकरू आहे जी आमचं. हे पट्टे पक्के आहेत ना?"

"एकदम पक्के. तुम्ही फिकर नका करू."

तेवढ्यात सुशीलाबाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी योगिनीच्या गुडघ्यांमध्ये लोंबत होतो. "आन् हा मधला कशाला हो?"

आता बघा. उत्तर एका वाक्याचं होतं. सुधीरना बसवून दाखवलं तसंच इथे सांगायचं होतं. पण समोर तरणी मुलगी, शेजारी तिचे आईवडील, आणि पट्टा जाणार कुठून तर तिथून. सरांचे कान लाल झाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि कपाळ पुसलं.

"तो काही नाही जी," ते म्हणाले. "मुलींना नाही लागत तो."

आणि त्यांनी, मोठ्या अदबीने, तिला क्षणभर खाली उतरायला सांगितलं, मला गुंडाळलं आणि खुर्चीच्या गादीखाली सारलं.

एकदा बोललेलं मागे कसं घेणार? दुसऱ्या दिवशी खरं सांगावं तर काल खोटं का सांगितलं हे आलं. त्यात सरांचा न्याय असा की, मुलीला एक आणि मुलांना दुसरं हे बरं नाही. म्हणून मुलांसाठीही मी बंद झालो. शिकवताना सर बसत त्या उजव्या खुर्चीत माझा जुळा भाऊ होता. सरांनी स्वतःची सोय ठेवावी आणि शिष्येची काढावी हेही त्यांना पटेना, म्हणून तोही गादीखाली गेला. एका शब्दाची लाज राखायला केवढी ही यातायात! सगळं नेकीने केलं हो त्या माणसाने. म्हणूनच तर बोलताना मला थकवा येतो. लबाडाने केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

गादीखालून दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. योगिनी चांगली शिकत होती. चढताना गुणगुणायची आणि उतरताना गप्प व्हायची. ती खांद्याचे पट्टे घट्ट ओढायची, कारण सरांनी तेवढं बजावून सांगितलं होतं. ओढले की कमरेचे माझे दोघं भाऊ निमूटपणे पोटावर चढायचे. रोज. मला ते कळायचं आणि मी धुळीत पडून राहायचो. माझं टोक बाहेर डोकावलं तर ज्याच्या नजरेला पडेल तो चटकन आत ढकलायचा. जणू कुणाच्या साडीखालून दिसणारा परकराचा काठ.

मग ती एकटीने उडू लागली. एका दुपारी ती उतरत असताना आडवा वारा आला. चाकं टेकली होती, विमान धावत होतं, पण एक चाक धावपट्टीवरून खाली गेलं आणि मळ्याकडच्या भुसभुशीत मातीत रुतलं. विमान नाकावर उभं राहिलं.

ती माझ्यावरूनच पुढे घसरली. गादीच्या पातळ कापडाखाली मी होतो आणि वरून तिचा सगळा भार सरकत गेला. मला तिला धरता आलं असतं. मी बनलोच होतो त्या एका क्षणासाठी, आणि त्या क्षणी मी गुंडाळलेला होतो. हे दुःख मला आजवर उलगडून ठेवता आलेलं नाही.

द्राक्षमळ्यातली माणसं धावत आली आणि त्यांनी तिला बाहेर काढलं. ती वाचली. पोटाचं ऑपरेशन झालं आणि कमरेचा एक मणका मोडला होता, तो जुळला. पण वैमानिकांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी मान हलवली. पुन्हा विमान चालवायचं नाही. चौकशीत दोष वाऱ्यावर गेला. वाऱ्याचं बरं असतं, त्याला कुणी जाब द्यायला बोलावत नाही.

चालता येऊ लागल्यावर योगिनी आईबरोबर क्लबात आली. मोडक्या विमानाची डावी खुर्ची काढून शेडमध्ये ठेवली होती. ती तिच्याजवळ गेली, गादीवर हात ठेवून उभी राहिली आणि मग कोण जाणे का, तिने गादी उचलली. मी तसाच गुंडाळलेला, कोरा करकरीत. तिने मला सोडलं, वर ओढलं आणि बक्कल जिथे असायला हवं होतं तिथे नेऊन धरलं. तिला कुणी शिकवायची गरज पडली नाही.

"सर, हा लागत होता ना?"

सर तिच्यामागेच उभे होते. त्यांनी चष्मा काढला आणि नुसताच पुसत राहिले. जमिनीकडे पाहत त्यांनी एकदा होकारार्थी मान डोलावली.

सुशीलाबाई एवढंच बोलल्या, "भीड भिकेची बहीण, सर. सांगायचं होतं की हो. मी बाईमाणूसच होते तिथं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि सरांना बहुधा तेच जास्त लागलं. पुढच्या महिन्यात त्यांनी काम सोडलं.

योगिनी मात्र क्लबात राहिली. उडता येत नाही तर शिकवीन म्हणाली. वर्गात तिने ती खुर्ची लाकडी पाटावर ठोकून घेतली आणि आम्हा पाचांना पुन्हा तिच्यावर लावलं. माझे चारही भाऊ तो झटका खाल्लेले, विमानात जायच्या लायकीचे राहिले नव्हते. मला मात्र कसलाच झटका बसलेला नव्हता. तरी मीही तिथेच.

यंदा दसऱ्याच्या आयुधपूजेला क्लबाने जुन्या माणसांना बोलावलं. विमानाला हार, चाकाखाली लिंबू, आम्हालासुद्धा हळदकुंकू. सरही आले, बरेच वाकलेले. पूजा झाल्यावर योगिनीने नव्या मुलामुलींना खुर्चीभोवती जमवलं. सर शेवटच्या बाकाला टेकून उभे राहिले.

"हा पाचवा पट्टा," ती म्हणाली. "दोन्ही मांड्यांच्या मधून वर येतो. मुलींनाही, मुलांनाही. बसून कोण दाखवतं?"

कुणी फिसकन हसलं. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी पुढे येईना. योगिनी थांबून राहिली.

तेव्हा मागून बाक सरकल्याचा आवाज आला. सर पुढे आले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणालाही आधी न बसवता बसले. इस्त्रीच्या पँटीला तिथल्या तिथे सुरकुत्या पडल्या. त्यांनी कमरेचे पट्टे हाडावर नीट बसवले, खांद्यांचे खाली आणले आणि मग सगळ्या मुलामुलींच्या देखत वाकून मला शोधलं, मांड्यांमधून वर ओढलं आणि बक्कलात अडकवलं. टक् असा आवाज झाला. सरांच्या हातून दुसऱ्यांदा.

"योगिनी, बेटा, मी त्या दिवशी..." ते म्हणू लागले.

योगिनी खाली वाकली. बक्कलापाशी माझ्याखाली तिने दोन बोटं घालून पाहिली.

"सर, अजून सैल आहे," ती म्हणाली. "ओढा."

त्यांनी ओढलं.

आता मी या वर्गातच राहणार. ज्या खुर्चीवर मी आहे ती कधी उडणार नाही, आणि मलाही आता उडायची हौस उरलेली नाही. तुम्ही कधी छोट्या विमानात बसलात तर एकदा गादीखाली हात घालून बघा. माझ्यासारखा कुणी सापडला तर बाहेर काढा आणि विचारा, हा कशाचा. सांगणारा लाजेल. त्याला लाजू द्या, तुम्ही बांधून घ्या.