आरशावरचा अंगठा

घरातल्या माणसांचे ठसे घ्यायचे, मग घरातल्याच एखाद्या वस्तूवरचे ठसे उठवायचे आणि कुठला ठसा कुणाचा ते जुळवून दाखवायचं, एवढाच तो गृहपाठ. विद्यापीठात गुन्हे आणि न्याय शिकणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या सगळ्या पोरांना तो असतो आणि सगळी तो सुट्टीच्या दिवशी हसतखेळत उरकून टाकतात. "घर म्हणजे सगळ्यात सोपी जागा, तिथे परकं कुणी नसतं," ठशांच्या मॅडम म्हणाल्या होत्या. मग त्यांनी एकेकाला विचारलं होतं, घरी किती जण? धाकटीने सांगितलं, तिघं. धाकटी कसली, चांगली वीस वर्षांची घोडी झाली होती, पण घरात अजून तेच नाव चालायचं.

तिघांचे ठसे घेताना मजाच झाली. बाबांचा उजवा हात दोन वर्षांपूर्वीच्या अर्धांगाच्या झटक्यापासून लुळा पडला होता, तो मांडीवर घेऊन तिने एकेक बोट शाईत फिरवलं, तर बाबा वाकड्या तोंडाने हसले. आई मात्र कुरकुरली. ती लॉन्ड्रीत काउंटरवर होती, दिवसभर गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर न जाणाऱ्या जांभळ्या शाईने खुणा करायची. "आधीच माझी बोटं कमी रंगलेली आहेत का? घे बाई, घे आणि मला सोड."

मग धाकटीने बाबांच्या खुर्चीजवळचा, खिडकीत उभा असलेला दाढीचा आरसा घेतला. काळी पूड ब्रशने हळूच फिरवली आणि कडेला एक अंगठा वर आला. काय देखणा ठसा! मोठा, स्वच्छ, मधोमध चक्र, आणि चक्राला कापत जाणारी एक पांढरी आडवी रेघ. कापल्याचा जुना व्रण असला की तिथे रेषा उमटत नाहीत, हे तिला पाठ होतं. तिने तो चिकटपट्टीने उचलला, पांढऱ्या कार्डावर लावला आणि भिंग घेऊन बसली.

तो बाबांचा नव्हता. आईचा नव्हता. तिचाही नव्हता. परत बघितलं, उलटसुलट करून बघितलं, नाही म्हणजे नाही.

खरं सांगायचं तर आधी तिला आनंदच झाला. बाकीची पोरं आपल्या आजोबांचे ठसे घेऊन येणार आणि हिच्याकडे चक्क अनोळखी इसम! काळजी सुरू झाली ती नंतर, जेवताना, तिने ही बातमी मोठ्या तोऱ्यात जाहीर केली तेव्हा. आईच्या हातातला घास हातातच राहिला.

"म्हणजे? आपल्या घरात कुणीतरी येतंय?"

"येऊन गेलंय. निदान एकदा तरी. आणि पुरुष असावा, अंगठा दांडगा आहे."

"मी रोज कुलूप लावून जाते, दोनदा ओढून बघते, आणि आत कोण नाचतंय मला पत्ता नाही! किल्ली कुणाकडे आहे दुसरी? शेजारी. बास. समजलं मला." किल्लीचा विषय निघाला की आईचं डोकं फिरायचं. त्याला कारण होतं, ते पुढे येईलच. "तो कुलूपवाला आहे ना कोपऱ्यावरचा, त्यालाच बोलावते. कुलूप बदलायचं. आणि या वेळी दुसरी किल्ली कुणालाही मिळणार नाही."

बोलणं बाबांना जडच जायचं, पण एरवी ते निदान मान तरी हलवत. त्या दिवशी ते ताटाकडे बघत बसले. धाकटीच्या मनात पाल चुकचुकली.

एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की साधं काही साधं राहत नाही. दुसऱ्या दिवशी ती घरात शिरली तर बाबा डाव्या हाताने, टॉवेलच्या टोकाने, तो आरसा पुसत होते. घासून घासून पुसत होते.

"बाबा, काय करताय?"

"धू... धूळ," बाबा म्हणाले आणि टॉवेल मांडीखाली घातला.

आता सांगा, दोन वर्षांत या माणसाने कधी धूळ पुसली होती? मॅडमनी शिकवलेलं सगळं तिच्या डोक्यात गर्दी करायला लागलं. पुरावा पुसणारा माणूस काहीतरी लपवत असतो. पण बाबा काय लपवणार? खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत, एवढं तर त्यांचं जग. त्यांना कुणी धमकावतंय की काय? नाहीतर कुणी गोड बोलून कागदावर अंगठा उठवून घेतंय? तिने कपाटं तपासली, आईचे दागिने बघितले, औषधाच्या गोळ्या मोजल्या. सगळं जागच्या जागी. चोर आला आणि काहीच न नेता गेला, हे तर आणखीच वाईट.

मग राहिल्या शेजारच्या काकू. दुपारी बाबांना चहा देता यावा म्हणून दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची. धाकटीने त्यांना प्रेमाने घरी बोलावलं आणि लख्ख पुसलेल्या काचेच्या पेल्यातून पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर तो पेला तिने रुमालात धरून उचलला. काकू काही दूधखुळ्या नव्हत्या.

"रुमालात गं कशाला धरतेस? मला काय महारोग झालाय?"

"नाही काकू, ते... कॉलेजचं आहे."

"कॉलेजचं! दोन वर्षं तुझ्या बापाला चहा पाजतेय मी, आणि तू माझे ठसे घेतेस होय? छान शिकवतात हो तुमच्याकडे." त्या तरातरा निघून गेल्या. अंगठा त्यांचाही नव्हता. पण जाताना दारात त्या क्षणभर थांबल्या होत्या, काही सांगावं की नाही अशा, आणि ते धाकटीने बरोबर टिपलं होतं.

बुधवारी ती संध्याकाळी घरी आली. आई तिच्या मागोमाग आली, चपला काढता काढताच म्हणाली, "उद्या सकाळी येतोय कुलूपवाला." धाकटी बाबांपाशी बसली. त्यांच्या गालाला साबणाचा वास येत होता. दाढी गुळगुळीत होती, कानाखालचा कोपरासुद्धा सुटला नव्हता. बाबांचा डावा हात तर चमचा धरतानाही थरथरतो.

"आई, आज बाबांची दाढी कधी केलीस?"

"मी? मला कुठे वेळ असतो सकाळी? तूच करतेस ना कॉलेजला जायच्या आधी."

इतके महिने तिला वाटत होतं आई करते, आईला वाटत होतं धाकटी करते, आणि माणूस आपला दर आठवड्याला दोघींसमोर स्वच्छ दाढी करून बसलेला! वर्गात ही पोरगी निरीक्षणाला पहिली यायची.

"हो हो," ती घाईघाईने म्हणाली, "मीच करते. आज केली का नाही, तेच आठवेना."

आईने तिच्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं आणि हातपाय धुवायला गेली.

धाकटीने दप्तरातून कार्ड काढलं. आजवर तिने त्यावर रेषा मोजल्या होत्या, भिंगाखाली धरून कोन तपासले होते. आता तिने ते नुसतं हातात धरलं, लांबून बघितलं. गोल चेहरा. मधोमध मिटलेलं, सरळ तोंड.

अंगठेराव!

थोरला भाऊ पत्र्याच्या कारखान्यात नवा नवा लागला तेव्हा त्याचा अंगठा पत्र्याने कापला होता. टाके पडले, व्रण राहिला. त्या व्रणाच्या वर तो बॉलपेनने दोन डोळे काढायचा, अंगठा वाकवायचा आणि नाकातून बोलायचा, "मी अंगठेराव! धाकटे, दूध पी, नाहीतर मी पिणार!" ती खिदळायची आणि दूध प्यायची. आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसायची.

मग थोरला बिघडला. कसा, कुणाच्या नादाने, ते आता उगाळण्यात अर्थ नाही. एक दिवस त्याने आईच्या पर्समधून लॉन्ड्रीची किल्ली उचलली आणि मालकाचा गल्ला फोडला. आईनेच पोलिसांना त्याचं नाव सांगितलं. तो तुरुंगात गेला तेव्हा ती कोर्टाच्या पायरीवर म्हणाली, "आजपासून मला एकच मूल आहे." तिने त्याचे फोटो काढून टाकले. तो सुटला, कुठेतरी कामाला लागला असं कानावर आलं, पण घरात कुणी नाव काढलं नाही. बाबांना झटका आला तेव्हाही नाही. आणि धाकटी? ती गुन्हे आणि न्याय शिकायला गेली आणि तिथे सगळ्यांना सांगत राहिली, आम्ही तिघं.

ती बाबांच्या कानाशी वाकली. "दादा येतो?"

बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट पकडलं. "नको... सांगू. कु... कुलूप..."

ती मुकाट्याने काकूंच्या दारात गेली. काकूंनी तिचा चेहरा बघितला आणि त्यांचा राग उतरला. "दर बुधवारी येतो गं. मीच दार उघडते. दाढी करतो, पाय चोळून देतो, तासभर बसतो. चपलासुद्धा बाहेर ठेवत नाही, कुणाला दिसतील म्हणून पिशवीत घालून आत नेतो. आता तुझ्या आईने कुलूप बदललं की संपलंच."

धाकटी परत आली तेव्हा आई टेबलाशी बसली होती. चष्मा लावलेला. "काढ ते कार्ड. बघू तरी तुझा चोर."

"अगं आई, माझंच चुकलं. तो माझाच अंगठा आहे, पूड जास्त पडली म्हणून तसा उमटला. मॅडम हसतील मला." आयुष्यात इतकं वाईट खोटं ती कधी बोलली नव्हती. पहिल्या वर्षाच्या पोरानेही ते पकडलं असतं.

"काढ म्हणते ना."

तिने कार्ड दिलं. आईने ते दिव्याखाली धरलं. जवळ नेलं, लांब नेलं. धाकटीला वाटलं, आता भडका उडणार, काकूंचा उद्धार होणार, बाबांना जाब विचारला जाणार. बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. आईने कार्ड उलटं टेबलावर ठेवलं, "बरं," म्हणाली आणि स्वयंपाकाला उठली. चिडली नाही, काही नाही. तेच धाकटीला सगळ्यात संशयास्पद वाटलं.

सकाळी धाकटी दात घासत होती तर आई फोनवर बोलत होती. "नको येऊस रे बाबा. पोरीचीच काहीतरी चूक झाली. आहे तेच कुलूप ठीक आहे." धाकटीने सुटकेचा निःश्वास सोडला. आपलं खोटं खपलं! कार्ड तिच्या फाईलमध्ये नीट ठेवलेलं होतं. घाईत तिने फाईल तशीच उचलली आणि बस पकडली.

वर्गात मॅडम एकेकाचा गृहपाठ उघडून बघत होत्या. धाकटीच्या फाईलपाशी त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय आहे? पुराव्यावर चित्रं काढायला मी शिकवलंय का?"

धाकटीने वाकून बघितलं. कार्डावर, पांढऱ्या रेघेच्या वर, दोन डोळे होते. गोल, शेजारी शेजारी, जांभळ्या शाईचे. लॉन्ड्रीतली, कितीही धुतली तरी न जाणारी शाई.

तिला हसू फुटलं आणि त्याच हसण्यातून रडू आलं. शेजारची पोरं बघायला लागली. किती वर्षांनी ती अशी रडत होती आणि तिला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

"याचे मार्क मिळणार नाहीत," मॅडम जरा नरमून म्हणाल्या. "आणि खाली ओळख पटली नाही असं लिहिलंयस. तिघांपैकी कुणाचाच नाही?"

"पटली मॅडम, काल पटली." तिने ओढणीने नाक पुसलं. "तिघं म्हणाले होते ना मी, ते खोटं होतं. चौघं आहोत आम्ही. हा माझ्या दादाचा अंगठा आहे."