अण्णांचा नेम

बंगळूरमधल्या मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये प्रतिमा वडिलांसमोर वाटी घेऊन बसली होती. पिढ्यान्‌पिढ्या महानुभाव पंथ पाळणारं त्यांचं घर. अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. पण अण्णांची स्मृती गेली, दूध पचेना, डाळ ते थुंकून टाकत. डॉक्टर वैतागून म्हणाले, "अंडं द्या, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल." नळ्यांत अडकूनच आई गेली होती. म्हणून आज शेजारच्या सौम्याअक्काकडून उकडलेलं अंडं मागून आणून तिनं ते मऊ भातात कालवलं आणि वास लपवायला वर हिंगाची फोडणी ओतली.

अण्णांनी वाटीकडे संशयानं पाहिलं. लेकीचं नाव ते केव्हाच विसरले होते. तिला ते आपली आई समजत.

"आई, यात जीव नाही ना?"

प्रतिमाच्या मनात आलं, सगळं विसरलात, मग एवढंच तेवढं कसं हो लक्षात राहिलं?

"नाही रे बाळा."

"मग आधी तू खा."

मांस-अंडं न शिवण्याचं व्रत देणारा पंथाचा उपदेश तिनंही घेतला होता, लहानपणी, याच माणसाचं बोट धरून. तिनं घास तोंडात घातला, चावला, गिळला आणि हसून दाखवलं.

तेव्हा कुठे अण्णांनी आ केला.