प्रतापरावांचा मेलेला हात

या, असे जवळ सरका. बुवा यायला अवकाश आहे, पेटी अजून सुरात लागायची आहे, तोवर एक आख्यान मी सांगते. यात राजा नाही. राक्षस आहे, पण शिंगांचा नाही, आधार कार्डवाला. आणि रक्त आहे, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांना सोसत नसेल त्यांनी प्रसादाचं ताट लावायला जावं.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांमागे, म्हणजे जुन्या राजांच्या समाध्यांमागे, आमची मराठी गल्ली; बाकी गाव हिंदी बोलणारं. माझ्या भिंतीला भिंत लागून कांताबाईचं घर. तिचा नवरा प्रतापराव तरुणपणी आखाड्यातला पहिलवान आणि पुढे बँकेच्या दारात उभा राहणारा बंदूकवाला गार्ड. बंदूक बँकेची होती, ती संध्याकाळी जमा व्हायची. हात घरी यायचे.

मारायला कारण लागत नसे. वरण पातळ झालं, चप्पल उलटी पडली, मॅच हरली. एकदा तर त्याने तिचं डोकं देव्हाऱ्याच्या कोपऱ्यावर आपटलं, आणि मग स्वतःच हळद दाबत बसला, "बघून चालता येत नाही का गं?" म्हणत. मी भिंतीवर लाटणं ठोकायचे, की जरा वेळ शांत. एका दिवाळीत मी पोलीस बोलावले. प्रतापरावांनी त्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला. कांताबाई पदर ओढून म्हणाली, "कुछ नहीं साहब, मैं गिर गई थी." ओठातून रक्त येत होतं आणि "गिर गई थी". काय करणार! कीर्तनाला मात्र ती चुकायची नाही. बुक्का लावून घ्यायची वेळ आली की बुवांना म्हणायची, "जरा जास्त लावा." काळ्या बुक्क्याखाली निळं झाकतं.

मग दोन वर्षांपूर्वी प्रतापराव न्हाणीघरात कोसळला. अर्धांगवायू. उजवा पाय गेला, उजवा हात गेला, जीभ अर्धी गेली. गल्ली म्हणाली, देवाने न्याय केला. खोटं कशाला बोलू, मीही मनात नारळ फोडला. कांताबाईने मात्र त्याला न्हाऊ घातलं, भरवलं, कूस बदलून दिली. त्या दिवसांत कुणी हात लावत नव्हतं, तर या वयात तिच्या अंगावर बाळसं आलं होतं हो! मधूनच भिंतीपलीकडून तिच्या गुणगुणण्याचा आवाज यायचा.

पाय परत आला नाही. जीभ अर्धी आली. हात मात्र पुरता परत आला.

तिला कळलं ते असं. घास गरम होता. ती फुंकर घालत होती, तेवढ्यात मांडीवर निपचित पडलेला तो उजवा हात उठला आणि वरणाची वाटी तिच्या तोंडावर बसली. भुवई फाटली. ती धावत मुलाला फोन करायला गेली. मुलगा यतीन भंवरकुआंला एका कोचिंगमध्ये पोरांची बँकेच्या मुलाखतीची तयारी करून घेतो. तो म्हणाला, "आई, हा फिजिओचा रिझल्ट आहे. पॉझिटिव्ह घे ना!"

आणि मग म्हणाला, "पण बाहेर कुणाला सांगू नको हं."

कारण त्याने बाबांच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज टाकला होता. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांचं बोर्ड बसतं, माणसाला तपासतं, घरच्यांना विचारतं आणि टक्के लिहितं. नुसत्या पायाचे टक्के कमी. पाय आणि हात दोन्ही मेले तर टक्के चढतात, पेन्शन नक्की होते, सांभाळणाऱ्यासाठी मदत मागता येते. म्हणून लोकांसमोर तो हात मेलेला असायचा. कडी लागली की जिवंत.

रविवार आला की यतीन घरात बोर्ड भरवायचा. टेबल आडवं टाकायचा, गळ्यात टाय घालायचा, खरंच सांगते, टाय! आणि डॉक्टर व्हायचा. मी दळण द्यायला गेले तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. बाप चाकाच्या खुर्चीत, आई शेजारी उभी.

"खाना कौन खिलाता है?"

"मैं खिलाती हूं."

"कपडे?"

"मैं."

"ये हाथ बिलकुल नहीं उठता?"

इथे कांताबाई त्या हाताकडे बघायची.

"आई, बोल ना. एवढंच वाक्य आहे. 'बिलकुल नहीं उठता, साहब.' यार, माझी मंदबुद्धी पोरंसुद्धा पाठ करतात."

"बिलकुल..." ती म्हणायची आणि जीभ टाळूला चिकटायची. "बिलकुल..."

"मावशी, तुम्ही सांगा हिला," यतीन मला म्हणाला. मी म्हटलं, "मी दळण द्यायला आलेय बाबा." आणि बसून राहिले. मी असेपर्यंत तो हात मेलेला राहणार, एवढं मला कळत होतं. पण माणूस दुसऱ्याच्या घरी किती बसणार? मी उंबरा ओलांडला आणि मागे आवाज आला. ओल्या कपड्यावर धोपटणं मारल्यासारखा.

प्रतापरावाची स्वतःची तयारी ऐका. यतीनने मोबाइलवर बघून ठेवलं होतं की डॉक्टर हात वर धरतात आणि तोंडावर सोडून देतात. ढोंगी माणूस आपलं तोंड वाचवतो. खरा मेलेला हात धाडकन नाकावर पडतो. तर हा पहिलवान तोंडावर स्वतःचीच मूठ पाडून घ्यायला शिकला. यतीन हात उचलायचा, सोडायचा. मूठ नाकावर. पुन्हा. नाकातून रक्त गळायचं, बनियन लाल व्हायचं, पापणी हलायची नाही. पूर्वी आखाड्यात माती अंगाला लावायचा, तशी जिद्द. आणि यतीन गेला की ते सगळं दुखणं कांताबाईच्या अंगावर निघायचं. एका संध्याकाळी त्याने तिचं बोट मागे वाकवलं, काडी मोडावी तसं. वर अर्ध्या जिभेने म्हणाला, "लागू दे एकदा सरकारचा ठप्पा. मग जा ठाण्यात. सांग, प्रतापराव मारतो. हसतील तुला! हात मेलाय असं सरकार म्हणेल."

त्या दिवशी ती माझ्याकडे आली, बोटाला चिंधी बांधून. म्हणाली, "ताई, आजवर मी पडले म्हणत होते, पण खरं सांगायची वाट तरी उघडी होती. हे वाक्य मी तिथे बोलले, की ती वाट मीच बुजवली. मग त्याने जीव घेतला तरी कागद म्हणेल, याने नाही घेतला."

मी तिला श्रीहरीबुवांकडे नेलं. बुवा प्रेमळ माणूस, कीर्तन संपल्यावर पागोटं उतरवून बसले होते. कांताबाईने विचारलं, "बुवा, नवऱ्यासाठी खोटं बोललं तर पाप लागतं का?"

बुवा हसले. "नवऱ्याच्या कल्याणासाठी बोललेलं खोटं देव पोटात घालतो गं."

"आणि त्याच्या हाताच्या कल्याणासाठी?"

बुवांचं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. मग भुवईकडे. बुक्क्याची डबी त्यांनी खाली ठेवली. म्हणाले, "हे माझ्या पोथीत नाही, बाई. तू बोल, मी ऐकतो." आणि त्या दिवशी प्रथमच कीर्तनकार श्रोता झाला आणि ती बोलली. पुष्कळ बोलली.

बोर्डाच्या दिवशी खुर्ची चढवायला-उतरवायला दुसरी बाई हवी, म्हणून मी बरोबर गेले. गर्दी म्हणजे काय विचारता! कुबड्या, पट्ट्या, आंधळी पोरं, त्यांच्या आया. सगळे खरे. त्यांत आमचा यतीन कानात कुजबुजतोय, "आई, आय कॉन्टॅक्ट ठेव. आणि रडलीस तर अजून चांगलं."

नाव पुकारलं. आत तीन डॉक्टर. मधल्या मॅडम. पाय तपासला, तो खराच मेलेला. जीभ तपासली. मग एका तरुण डॉक्टरने हात वर धरला आणि सोडला. धाड! मूठ नाकावर. रक्ताची धार ओठावर आली, पण प्रतापराव छताकडे पाहत राहिला. पुन्हा सोडला. पुन्हा नाकावर. तो डॉक्टर पोरगाच कळवळला, "अरे बाबूजी, सॉरी सॉरी," म्हणून कापूस शोधू लागला. यतीनच्या चेहऱ्यावर पोराचा पहिला नंबर आल्यासारखा आनंद.

मॅडमनी लिहिता लिहिता मान वर केली. "माताजी, ये हाथ बिलकुल नहीं उठता?"

"उठता है, साहब," कांताबाई म्हणाली. "मुझ पे उठता है."

"आई!" यतीन ओरडला. "मॅडम, इनको बीपी है. कन्फ्यूज हो जाती हैं."

मॅडम थकलेल्या होत्या. बाहेर रांग. "माताजी, अभी आपके सामने टेस्ट किया ना? हाथ में जान नहीं है."

बघा, ठप्पा लागायच्या आधीच हात मेला होता.

कांताबाईने माझ्याकडे पाहिलं नाही, मुलाकडे पाहिलं नाही. ती चालत खुर्चीपुढे गेली आणि खाली बसली, अगदी त्याच्या गुडघ्यापाशी, तो हात पोचेल इतकी जवळ. त्याचा उजवा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि लहान मुलाचा कुरवाळावा तसा कुरवाळला.

"मेलाच का हो हा?" ती म्हणाली. "कृष्णपुऱ्याच्या पहिलवानाचा हात! बिचारा. आता माशीसुद्धा हाकलवणार नाही तुमच्याने. अरेरे. च् च् च्."

तिची दया ऐकून त्याच्या गळ्याची शीर फुगली. तरी हात मेलेलाच. मग ती हसली. चारचौघांत, मोठ्याने, पदर तोंडाला न लावता. इतक्या वर्षांत मी तिचं असं हसणं ऐकलं नव्हतं.

मूठ आली ती तिच्या डाव्या कानावर. आवाज असा झाला की रांगेतली माणसं दारात आली. दुसरी जबड्यावर. एक दात फरशीवर घरंगळत गेला. ती मागे सरकली नाही, हातही आडवे केले नाहीत. मग त्याने तिचे केस मुठीत धरले आणि डोकं लोखंडी टेबलाच्या कडेवर घातलं. एकदा. परत. परत. नाकातलं त्याचं रक्त आणि कपाळातलं तिचं रक्त, कुणाचं कुठलं ते कळेना. वॉर्डबॉय लटकला, मी मनगटाला चावले, यतीनचा चष्मा फुटला तेव्हा कुठे त्याने बापाचा तो हात दोन्ही हातांनी धरला. आयुष्यात पहिल्यांदा धरला.

"पकड कितनी है, देखो," मॅडमचा आवाज आला, बर्फासारखा.

"मैडम," वॉर्डबॉय रडकुंडीला येऊन म्हणाला, "छूट ही नहीं रही!"

सुटली तेव्हा मुठीत केसांचा झुबका होता.

मॅडमनी खाडाखोड केली नाही. नवा कागद घेतला. पायाचे जे खरे होते ते टक्के लिहिले, जिभेचे लिहिले, आणि उजव्या हातापुढे लिहिलं की शक्ती पूर्ण. मग उठून स्वतः कांताबाईच्या कपाळाला टाके घातले. दवाखान्याच्या चौकीतला पोलीस वही घेऊन आला. "क्या हुआ, माताजी? गिर गईं?"

"नाही," ती म्हणाली. तोंडात कापूस होता, तरी शब्द स्वच्छ आला. "मारलं. यांनी. याच हाताने. लिहा."

ती घरी परत गेली नाही. काही दिवस माझ्याकडे, मग सिमरोलला मावसबहिणीकडे. तिथे कॉलेजच्या मुलांना डबे करून देते. डावा कान कायमचा गेला. मी भेटायला जाते तेव्हा उजव्या बाजूला बसते. खटला चालू आहे, तारखा पडताहेत. प्रतापराव यतीनकडे आहे. परवा मी कांताबाईकडे असतानाच यतीनचा फोन आला. फोनचा आवाज मोठा केलेला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"आई, बाबांना भरवायला बाई टिकत नाही. तिसरी पळाली. तू ये ना, प्लीज. किती दिवस राग धरशील?"

कांताबाई पोळी लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही.

"राग नाही रे बाळा. त्यांना सांग, हात चांगला आहे, सरकारने लिहून दिलंय. हाताने जेवा म्हणावं."

आणि पोळी तव्यावर टाकली.

चला, पेटी लागली, बुवा उभे राहिले. सिमरोलची शेवटची बस कीर्तन संपायच्या आत सुटते, म्हणून ती हल्ली येत नाही. तिची जागा तिकडे, त्या खांबापाशी होती. माझं एवढंच मागणं आहे: आज नामाचा गजर होईल, तेव्हा एक नाम देवाचं घ्या आणि एकदा मनात तिचं घ्या. कांताबाई. विसरू नका हो तिला.