मूठभर जुना चोथा

चिमट्याच्या टोकात धरलेली अळी किंचित वळवळली आणि पुन्हा लोंबकळत राहिली – मळकट पांढरी, तांदळाच्या दाण्याहून जेमतेम लांब, मापाला मोठा सदरा घातल्यासारखी कातडी अंगावर सैल. बारा दिवसांची अळी अशी नसते. बारा दिवसांची अळी कशी असते ते तिने डोळे मिटून सांगितलं असतं – तळव्यावर ठेवली की वजन जाणवतं, चिमटा जरा ढिला पडला की निसटते, आणि उजेड दिसला की खाद्यात अशी घुसते की जणू मागे कुणी लागलंय... ही मुकाट्याने लोंबत होती. तिने ती काचेच्या बशीत सोडली. शंभरावी. काट्यावरचा आकडा थरथरला, थांबला. नऊ ग्रॅम, वर थोडं काही.

तिने वहीत लिहिलं. डावीकडचे सहाही ट्रे संपले होते, आणि सहाही आठ-नऊच्या आसपास. तिला आनंद झाला, आणि तो झाला याची जराही लाज वाटली नाही. कारण हे असंच होणार हे तिने बारा दिवसांपूर्वीच सांगितलं होतं.

कोंबड्यांच्या आणि तळ्यातल्या माशांच्या खाद्यासाठी इथे माशीच्या अळ्या वाढवत. बाजारातला उरलेला भाजीपाला, बेकरीतला चुरा, सगळं दळून ट्रेमध्ये पसरायचं आणि अळ्यांनी ते फस्त करायचं, एवढाच धंदा. दोन महिन्यांपूर्वी त्यात रोग शिरला. अळ्या तपकिरी, लिबलिबीत होऊन पडू लागल्या. चार दिवसांत अख्खी खोली गेली. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, यापुढे इथे घाण चालणार नाही. खाद्य दळणारे काका तिच्या कानाशी पुटपुटले होते, "अळ्यांच्या कारखान्यात घाण चालणार नाही म्हणजे मासळीबाजारात वास येता कामा नये म्हणण्यासारखं झालं." ती हसली नव्हती. उलट धुलाईचं वेळापत्रक तिनेच आखलं – खाद्याला वाफ, ट्रेला जंतुनाशक, अंडीसुद्धा धुऊन. साहेबांनी पाठ थोपटली. आणि खरोखरच अळ्या मरायच्या थांबल्या.

मेल्या नाहीत. वाढल्याही नाहीत.

खाद्य तेच, ऊब तीच, ओल तीच – मग गेलं काय? आठवडाभर तिने डोक्याचा भुगा केला, आणि एका दुपारी वाफवलेल्या खाद्याचा वास घेताना लक्षात आलं की त्याला वासच नाही. आधी असायचा. आंबूस, जड, डोक्यात जाणारा. तो वास म्हणजे कुणीतरी तिथे कामाला लागलेलं होतं – डोळ्यांना न दिसणारं, पानं मऊ करणारं, अळीच्या तोंडात जाण्याआधीच निम्मं पचवून ठेवणारं, मग तिच्या आतड्यात बिऱ्हाड करून उरलेलं निम्मं पचवणारं. आपण रोगाबरोबर तेही उकळून टाकलं. सुटली होती फक्त पैदास-खोली, जिथे अंड्यांसाठी माशा वाढवत. तिथे रोगही पोचला नव्हता आणि तिचं वेळापत्रकही. तिथल्या जुन्या ट्रेमधला चोथा – अळ्यांनी खाऊन, पचवून मागे टाकलेला काळसर भुसा – मूठ मूठ घेऊन तिने उजवीकडच्या सहा ट्रेमध्ये मिसळला; डावीकडचे सहा नुसत्या वाफवलेल्या खाद्यावर ठेवले. स्वतःच्या हाताने. मिसळून झाल्यावर तेच हात तीनदा धुतले, हेही खरं.

कारण तिचं घरच वाफेचं होतं... सहा वर्षांची असताना धाकटा भाऊ गेला. आठ महिन्यांचा, दोन दिवस जुलाब आणि संपलं. त्यानंतर आईने पाणी दोनदा उकळायला घेतलं, दाराच्या कड्या पुसायला घेतल्या, तिचे हात कोपरापर्यंत धुवायला घेतले, ते पस्तीस वर्षं थांबलं नाही. मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती घरून पाण्याची बाटली घेऊन जायची. मुली हसायच्या. तिला त्यात कमीपणा वाटायचा नाही, वाटायची ती त्यांचीच काळजी – बिचाऱ्या, यांना माहीत नाही. बाळाची दुधाची बाटली आईने नीट उकळली नसणार, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते आईच्या लालभडक, भेगाळलेल्या हातांवरच लिहिलेलं होतं, आणि वाचायला शिकायच्या आधी तिने ते वाचलं होतं.

उजवीकडचा पहिला ट्रे. झाकण काढताच ऊब अंगावर आली, आणि वास – तोच, आंबूस, जड. शंभर अळ्या. सतरा ग्रॅम. दुसरा – अठराला जरासा कमी. तिसरा पुन्हा सतरा. जवळजवळ दुप्पट! तिने मान वर केली, खोलीत कुणी नव्हतं, म्हणून ती मोठ्याने "बघा!" म्हणाली.

चौथा ट्रे गप्प होता. इतर ट्रे जवळून ऐकले की हलक्या पावसासारखे कुरकुरतात, हा नाही. खाद्यावर अळ्या आडव्या पडल्या होत्या, तपकिरी, मऊ... चिमट्याने उचलताना एक मधोमध तुटली. पाचव्या आणि सहाव्याचं तिने वजन केलं, दोन्ही छान भरले, पण ते आकडे लिहिताना हाताला गोडी राहिली नव्हती.

काका खाद्याची बादली घेऊन आले. त्यांनी चौथ्यात डोकावून पाहिलं.

"एवढंच ना? पाचच ट्रे होते म्हणा. कोण मोजायला बसलंय?"

"सहा होते, काका."

"अहो, पाच पैकी पाच म्हटलं की साहेब खूश. सहा पैकी पाच म्हटलं की ते उरलेला एकच धरून बसतील."

"बसू देत."

काकांनी खांदे उडवले. "तुमचं डोकं आईवर गेलंय बघा," ते म्हणाले. त्यांनी आईला एकदाच पाहिलं होतं, आणि तेवढ्यात आईने त्यांना हात धुवायला लावले होते.

साहेबांनी वही उलटीसुलटी पाहिली. ते नेमके चौथ्यावरच थांबले.

"हा काय?"

"गेला. तोच रोग दिसतोय."

"म्हणजे घालवलेला रोग तुम्ही मुठीने परत आणलात?"

"असेल," ती म्हणाली. आवाज स्थिर होता, तिला स्वतःलाच नवल वाटलं. "चोथ्यातून काय काय येतं ते सगळं मला माहीत नाही. पण वाफ दिलेला ट्रे रिकामा राहत नाही, साहेब. कुणीतरी येऊन बसतंच. चांगली मंडळी आधी बसवली तर वाईटाला जागा कमी मिळते. पाच ट्रेमध्ये ते झालं. चौथ्यात का नाही झालं, ते शोधायचंय."

साहेबांच्या कपाळावरची आठी गेली नाही. पेन टेबलावर आपटून ते म्हणाले, "आणखी एक खेप. वेगळ्या खोलीत. आणि तो चौथा जाळून टाका."

"अर्धा जाळते. अर्धा तपासणीला पाठवते."

"...पाठवा."

घरी आली तेव्हा आई सकाळीच धुतलेले पेले पुन्हा धूत होती. आज तिला ते थांबवावंसं वाटलं. आकडे पाठ होते, वाक्यं तयार होती – आई, सगळंच मारून टाकलं की वाढच खुंटते, मी आज मोजून पाहिलंय. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. पस्तीस वर्षांत कधी न विचारलेलं.

"आई, बाळ आजारी पडलं... तेव्हा बाटली उकळायची राहिली होती का गं?"

आईने पुढचा पेला नळाखाली धरला.

"नाही," आई म्हणाली. मागे वळली नाही. "उकळली होती. रोज उकळायची मी. त्या दिवशीही उकळली होती."

म्हणजे काहीच राहिलं नव्हतं. ही सगळी वर्षं तिने मनाशी एक चूक धरून ठेवली होती, आईच्या नावाची, छोटीशी, समजण्यासारखी. त्या चुकीवर तिचं सगळं लहानपण नीट रचून उभं होतं. आई ती चूक धूत नव्हती. आई न सापडलेलं काहीतरी धूत होती, ते कुठे असेल ते ठाऊक नाही म्हणून सगळीकडे.

त्याच मुठी, तोच चोथा, तेच हात, एकच दिवस... मग चौथ्याचंच असं का झालं, ते प्रयोगशाळा कदाचित सांगेल. कदाचित नाही सांगणार, आणि तरी ती पुढची खेप लावणार होती, लावणारच होती, त्यात तसूभर शंका नव्हती. फक्त ही खात्री सकाळच्या खात्रीसारखी नव्हती. तिच्यात कुठेतरी एक जागा मोकळी सुटली होती, आणि ती ताबडतोब भरून काढायची घाई आज तिला वाटत नव्हती. आईला काय सांगायचं ते तिला अजून कळलं नव्हतं. ती ओट्याला टेकून तशीच उभी राहिली, आणि आईच्या हातांकडे पहिल्यांदाच काहीही न वाचता पाहू लागली.