तारांगणातलं शेवटचं वाक्य

साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी. तारांगणाच्या नव्या साहेबांनी निवेदनाचा कागद बाईंपुढे सरकवला आणि म्हणाले, "शेवटचं वाक्य तेवढं बदललंय. पाठ करून टाका. शनिवारी पाहुणे यायचेत."

बाईंनी चष्मा लावला. कित्येक वर्षं त्या काळोखात बसून लोकांना आकाश दाखवत आल्या होत्या. निवेदन तोंडपाठच लागायचं, कारण त्यांच्या टेबलावर साधा दिवा लावला तरी घुमटावरचे बारीक तारे विझून जायचे. खेळ संपताना त्या म्हणत, "आणि हे सारं ज्यानं घडवलं, त्याला आपला नमस्कार." त्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी हमखास सुस्कारा सोडायचं. आता त्या जागी लिहिलं होतं, 'हे विश्व घडायला भौतिकशास्त्राचे नियम पुरेसे आहेत. निर्मात्याची गरज नाही.'

"साहेब, हे मी बोलायचं?"

"मग कोणी? मी बोललो तर लोक घोरायला लागतील." साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. "विज्ञानाची संस्था आहे, बाई. इथं चमत्कार नाही, मग नमस्कार कशाला?"

बाईंनी कागदाची घडी घातली. नाही म्हणायची सोय नव्हती. घर त्यांच्याच पगारावर चालत होतं.

खेळ सुरू झाला की घुमटाचं दार बाहेरून बंद व्हायचं. उजेडाची तिरीप आत येऊ नये म्हणून. यंत्र चालवणाऱ्या, खेळाच्या शेवटी घुमटावर सूर्य आणणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मशीनमामा म्हणत. तो नव्या माणसाला सांगायचा, "इथं आत आलेला माणूस सूर्य उगवल्याशिवाय सुटत नाही." बाईंची सुटका मात्र सूर्य उगवल्यावरही नसायची. एक खेळ संपला की त्या मागच्या गल्लीतून तरातरा घरी जायच्या, भावाची कूस बदलायच्या आणि दुसऱ्या खेळाला परत यायच्या. सकाळच्या खेळाला तो उताणा, दुपारच्या खेळाला त्याचं तोंड खिडकीकडे, संध्याकाळी भिंतीकडे. वरच्या छताला ओल आली होती, तिचे डाग त्याला पाठ होते. "माझं तारांगण," तो म्हणायचा, "तिकीट नाही, निवेदन नाही."

घरात त्याचं नाव छोट्या. चाळिशी ओलांडलेला, आणि इतका उंच की पावलं खाटेबाहेर यायची. शिकत असताना कॉलेजच्या गच्चीवर दुर्बीण लावायला चढला आणि खाली पडला. छातीखालचं शरीर तेव्हापासून त्याचं राहिलं नाही. भौतिकशास्त्र मात्र राहिलं. पुस्तकं तो हातांनी धरून वाचायचा.

"आलीस? म्हणजे खिडकी संपली माझी," त्या दिवशी तो म्हणाला.

बाईंनी नवं वाक्य सांगितलं, तर स्वारी खूश!

"चला, तुमच्याकडे एक तरी शहाणा आला."

"हसतोस काय? खरं आहे का ते?"

"गणितं तरी तसंच म्हणतात. तापलेलं होतं, पसरत गेलं, निवत गेलं, त्यातून तारे झाले. नियमांत भागतं सगळं."

"आणि ते नियम कुणी केले?"

"असं विचारलंस की त्या करणाऱ्याला कुणी केलं, तेही विचारावं लागतं. कुठंतरी थांबायचंच आहे, तर मी एक पायरी आधी थांबतो. मला पायऱ्या झेपत नाहीत, माहीत आहे ना तुला?"

हसू नये असं वाटत असतानाही बाई हसल्या. मग त्याच्या उशाशी टेकत म्हणाल्या, "वर कुणी नाही, याचं तुला बरं वाटतं का रे?"

"ताई, कुणी असेल, तर त्यानं मला पडताना पाहिलंय. नसेल, तर मी नुसता पडलो. दगड पडतो तसा. नुसतं पडलेलं सोसतं मला."

"मला नाही सोसत. मी भांडू कुणाशी मग? भांडी घासताना रोज त्याच्याशी भांडते मी. तेवढाच एक हक्काचा आहे."

बोलता बोलता त्यांनी त्याच्या पाठीखाली हात घातले आणि सवयीनं त्याला भिंतीकडे वळवलं. राग अजून कागदावरच होता. "म्हणे गरज नाही! ज्याची गरज नाही त्याला काय हाकलून द्यायचं? गरज नसली तरी माणूस सांभाळतोच की घरात..."

वाक्य तिथंच अडकलं. हात अजून त्याच्या पाठीखालीच होते.

"बोल की," छोट्या भिंतीला म्हणाला. "चूक काय त्यात?"

त्या दिवसापासून त्याचे टोमणे बंद झाले. पाणी दे, पुस्तक दे, बास, एवढंच बोलायचा. कूस बदलताना 'थँक्यू' म्हणायला लागला. सख्ख्या बहिणीला थँक्यू! बाईंना त्या दोन खोल्यांत श्वास पुरेना. माफी मागावी, तर आपण त्याला काय बोललो ते पुन्हा उच्चारायला हवं. आणि तेच शब्द शनिवारी भोंग्यावरून साऱ्या सभागृहाला ऐकवायचे होते.

शुक्रवारी छोट्या म्हणाला, "उद्या मला ने."

आजवर तो कधी आला नव्हता. कुणाच्या पाठीवर बसून जायची त्याला लाज वाटे.

"कशाला रे?"

"तू ते कसं म्हणतेस, ते ऐकायचंय."

शनिवारी मशीनमामानं त्याला पाठुंगळी घेतलं. "पाय केवढे लांब हो तुमचे!" तो धापा टाकत म्हणाला.

"घेऊन टाका तुम्हाला. फारसे वापरलेले नाहीत."

आतल्या खुर्च्या पाठीवर रेलायच्या. छोट्याला दुसऱ्या रांगेत बसवून झालं तेव्हा पाहुणे, त्यांच्या मंडळी, साहेब, सगळे उताणे होऊन छताकडे पाहत पडले होते. त्यानं मान वळवून एकदा सगळीकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "ताई, सगळे माझ्यासारखेच की गं!"

कुणीतरी 'शू' केलं. बाहेरून कडी लागली. दिवे गेले.

बाईंनी चंद्र दाखवला, ग्रह दाखवले, आकाशगंगेचा दुधाळ पट्टा दाखवला. आवाज कुठं कापला नाही. मग शेवट आला.

"हे विश्व घडायला भौतिकशास्त्राचे नियम पुरेसे आहेत," त्या म्हणाल्या. ते म्हणणं जड गेलं नाही. छोट्यानं सांगितलं होतं, म्हणजे खरं असणार. पण पुढचे शब्द ओठांशी आले आणि त्यांना वाटलं, उठावं, दाराबाहेर पळावं. दार तर बंद होतं. काळोखात कुठंतरी तो कान देऊन पडला होता.

"कुणाची गरज होती की नव्हती," बाई हळू म्हणाल्या, "ते हिशेब करणारे करोत. जे आहे, ते आहे. ते असू दे."

मशीनमामा घुमटावर सूर्य आणायला विसरला. काळोख लांबला. दुसऱ्या रांगेतून नाक ओढल्याचा आवाज आला. लहानपणापासून ओळखीचा आवाज होता तो.

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "बाई, हे ना माझं झालं, ना तुमचं."

"हो, साहेब."

"वाक्य वाईट नव्हतं. पण विज्ञान नव्हे ते."

गल्लीतून घरी जाताना मामाच्या खांद्यावरून छोट्या म्हणाला, "काय गं, साहेबालाही फसवलंस आणि तुझ्या त्या भांडणवाल्यालाही! नोकरी जाणार बरं का तुझी." टोमणा ऐकून बाईंच्या जिवात जीव आला.

नोकरी गेली नाही, आवाज गेला. महिन्याभरात निवेदनाची फीत आली, कुणा पुरुषाच्या भारदस्त आवाजातली, आणि बाईंना तिकीटखिडकीत बसवलं. निवृत्त होईपर्यंत त्या गजांमागे बसून तिकिटं फाडत राहिल्या. घरची ये-जा तीच राहिली. साहेब पुढं मोठ्या संस्थेत गेले. तिथं भाषणांत 'आमच्या एक बाई' म्हणून ते वाक्य सांगतात, असं कानावर आलं. मशीनमामा थकला तरी रविवारी यायचा, छोट्याशी वाद घालायचा आणि हरून जायचा. एका रविवारी आला नाही.

छोट्या आणखी सात वर्षं जगला. न्यूमोनियानं गेला. शेवटपर्यंत त्यानं कुणाला हात जोडले नाहीत. बाईंचं भांडण शेवटपर्यंत थांबलं नाही.

तो गेल्यावर बऱ्याच दिवसांनी त्यांनी खोल्यांना रंग द्यायचं ठरवलं. रंगारी शिडीवर चढून म्हणाला, "आजी, वरचे ओलीचे डाग खरवडून घेतो."

"भिंती करा. छत राहू दे."

"असले डाग ठेवून काय करणार? काय गरज त्यांची?"

"गरज काही नाही," बाई म्हणाल्या, "खाली या तुम्ही." आणि त्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत त्यांनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.