बिनसालाचं नाणं

चिकलठाण्यात मारुतीच्या पारावर सकाळी सातलाच अशी गर्दी, की खुद्द मारुतीकडं कुणी बघंना. मधोमध कालजित महाराज. समोर मखमलीवर पाच रुपयांचं एक नाणं, आणि त्यावर साल नव्हतं! सालाची जागा चक्क कोरी.

"देखो भक्तहो!" महाराज गरजले. "काळ आला, नाणं बघून घाबरला, उलट्या पावली गेला! ज्यानं याला हात लावला, त्याची उमर जागच्या जागी थांबली!"

एकदा हात लावायला एक नारळ. तोच नारळ मागनं टपरीवर विकायला, टपरीवरून पुन्हा महाराजांपुढं. अर्धी शेंडी जळलेला एक नारळ तर मी तीनदा ओळखला.

मला हसू आलं असतं, पण पहिल्या रांगेत आमचे हे, कडूबा, बसलेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बुधवारी ऑपरेशन. ती तारीख मिळवायला मी चार महिने दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या. आणि महाराजांनी ह्यांना बजावलं, "अंगाला शस्त्र लागलं की नाण्याचा गुण गेला!"

"मी नाय जात बुधवारी," हे म्हणाले. "वयच वाढंना, तर मोतीबिंदू कशाला वाढंल?"

"अहो, वाढायचा कशाचा, पुरता पिकलाय की!"

"गप. तुला काय कळतंय त्यातलं?"

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन सुनेपुढं, मोनिकापुढं, रडले. ती कारखान्यात प्रेस मशिनवर पत्र्याला ठसे मारते. ती म्हणाली, "आत्या, नाणं बी ठसा मारूनच बनतं. ठशावरच्या खोलगट अक्षरात वंगण नि धूळ बसली, की धातूला आत शिरायला जागाच राहत नाय. मग तेवढं अक्षर उठत नाय. आमच्याकडं असा माल बाजूला काढतात."

मी कपाळावर हात मारला. चौदा वर्षं मी मिठाईच्या दुकानात पेढ्यांवर ठसे मारतेय! ठशात खवा बसला की फुलाची पाकळी गायब, काडीनं कोरला की पाकळी हजर. हे मला सुचू नये?

सोमवारी ठसा नि खवा घेऊन पारावर गेले. "महाराज, परसाद करते," म्हणून बसले. पहिल्या पेढ्यावर आठ पाकळ्यांचं फूल. मग ठशात बोटानं खवा दाबत गेले. दुसऱ्यावर सहा पाकळ्या, तिसऱ्यावर तीन, चौथा सफाचट!

"बघा, पेढा कोरा झाला! म्हंजी अमर झाला का? चार दिवस ठेवा, बुरशी धरते का नाय सांगा!"

गर्दीत खसखस पिकली. महाराज ओरडले, "बाई, पेढ्याची बात अलग, नाण्याची अलग!"

"अलग कशी?" मोनिकानं मागनं आवाज दिला आणि वंगणाची सगळी गोष्ट सांगितली. माणसं माना डोलवायला लागली, पण हे काही हलंनात.

मी ह्यांच्या एका हातावर फुलाचा पेढा ठेवला, दुसऱ्यावर कोरा. "सांगा, फूल कशावर?"

ह्यांनी पेढे नाकाला लावले, लांब धरले. "दोन्ही कोरेच की."

मी कनवटीचं साधं नाणं काढून दिलं. "आणि ह्याच्यावर साल?"

"ह्याच्यावर बी नाय."

"अहो, तुम्हाला सगळीच नाणी बिनसालाची! मग तुमचं वय कवाच थांबायला पायजे होतं!" बोलता बोलता मला रडूच फुटलं.

ह्यांनी नाणं माझ्या हातात परत ठेवलं. मग हळूच म्हणाले, "बुधवारी किती वाजता जायचं?"

महाराज दुपारीच पसार झाले. नारळ मात्र न विसरता नेले.

पट्टी सुटली तेव्हा ह्यांनी मला टक लावून बघितलं. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, "द्वारके, लई म्हातारी झालीस गं!"

मेलं, हे चारचौघांत सांगायची काय गरज होती? पण मला लई आनंद झाला. दोन वर्षांत माझं तोंड ह्यांना पहिल्यांदा धड दिसलं होतं.

म्हणून सांगते, बायाबाप्यांनो, वय सगळ्यांचं वाढतं. कुणी चमत्कार दाखवला, तर पाया पडायच्या आधी ती वस्तू बनते कशी, एवढं विचारा. आणि दवाखान्याची तारीख असंल, तर आधी दवाखान्यात जा.