हळदीखालच्या रेघा

कारंजा घाडगेला हायवेवर भूपेंद्रचं गॅरेज होतं. जुनी जीप कारखान्यातून आत्ता निघाल्यासारखी करून देण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. २००२च्या उन्हाळ्यात वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या यशोदाबाईंनी त्याच्याकडे जीप दिली. त्यांचे यजमान मुंबईकडे जीपच्या कारखान्यात चेकर होते; तपासून पास केलेल्या गाडीवर खूण करायचे. रिटायर झाल्यावर एका सरकारी लिलावात त्यांनी सहज बॉनेट उघडलं, तर आत त्यांच्याच हातची खूण. त्या खुणेपायी त्यांनी गाडी घेतली. ते वारले त्याला आता वर्ष झालं होतं.

"बॉनेटमधी ह्यांच्या हातची खूण हाय. तेवढी सांभाळजा, भाऊ. मले गाडीतलं दुसरं काई नाई पाह्यजे," बाई म्हणाल्या.

"हो काकू."

खूण म्हणजे पत्र्यात ठोकलेला गाडीचा नंबर, असं भूपेंद्रने परस्परच ठरवून टाकलं. स्वतःला उस्ताद म्हणवणाऱ्याला विचारायची लाज वाटते. नंबरावर त्याने टेप चिकटवली. शेजारचा पत्रा दर दसऱ्याच्या पूजेच्या हळदीने माखलेला होता, म्हणून तिथे थिनरचा बोळा खसखसून फिरवला. बोळ्याला हळदीबरोबर पिवळा ऑइलपेंट चिकटून आला. हळदीखाली दोन रेघा आणि एक टिंब होतं, तीच ती खूण, हे पुसतापुसता दिसलं. आता नुसती पुसट जागा उरली.

वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. त्याने ब्रश घेतला, त्याच जागेवर रेघा ओढल्या, टिंब दिलं, वाळल्यावर जुनं दिसावं म्हणून वर जळकं ऑइल चोळलं. हुबेहूब झालं.

ठरल्या दिवशी बाई आल्या. चष्मा लावून त्यांनी रेघांवर बोट ठेवलं.

"सायेब किती का बोंबलंना, सारं तपासल्याबिगर ह्यांनी कधी खूण केली नाई," त्या म्हणाल्या.

गप्प राहिला असता तर कुणाला कळणार होतं? पण तो बोलून गेला.

"काकू, हे खूण म्या काढली. त्याईची माह्या हातानं पुसल्या गेली. मले हळद वाटली."

बाईंनी बोट काढून घेतलं. तो शिव्यांची वाट पाहत उभा राहिला. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाईंनी नवा हिरवा रंग पाहिला, चाकं पाहिली.

"काम चांगलं केलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "आता हिले गिऱ्हाईक पाहून देजा."

आणि त्या वर्ध्याच्या बससाठी स्टँडकडे निघाल्या.